आधी सादी ठंडाई

दूध, फळ आणि नशा एका पेल्यात आणायची म्हटली की आज पुण्या-मुंबईच्या घरांत रमची बाटली, व्हॅनिला आइस्क्रीम आणि मिक्सर ओट्यावर येतो. दहा मिनिटांत शेक तयार होतो आणि विसाव्या मिनिटाला पेले रिकामे होतात. थंड दुधात नशा उतरवण्याची कला मात्र मिक्सरच्या फार आधीची आहे. काशीने ती पाट्यावर वाटून, फडक्यातून गाळून आणि मातीच्या पुरव्यात ओतून जपली. त्या पेयाचे नाव ठंडाई. घरी फळांचे नशीले मिल्कशेक करू पाहणाऱ्यांसाठी लिहिलेल्या या पुस्तिकेची सुरुवात म्हणूनच काशीतल्या पंचगंगा घाटावरून होते.

पंचगंगा घाट निवडण्याला आणखी एक कारण आहे. हा घाट मराठी माणसाला परका नाही. गंगा, यमुना, सरस्वती, धूतपापा आणि किरणा या पाच नद्या इथे मिळतात अशी श्रद्धा आहे; डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. घाटाच्या उंच, खड्या पायऱ्यांवर अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जाणारा दगडी हजारा दीपस्तंभ आहे. वर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले बिंदुमाधवाचे मंदिर आहे. शेजारच्या दुर्गाघाट आणि ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. गागाभट्टांचे घराणे पैठणहून काशीत आले, त्यांच्याच कुळातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. हिंदी पत्रकारितेचे एक आधारस्तंभ बाबूराव विष्णु पराडकर यांचा जन्म १८८३ मध्ये काशीतल्याच मराठी घरात झाला. एकनाथांनी भागवतावरची आपली टीका याच नगरीत शके १४९५ च्या, म्हणजे इ.स. १५७३ च्या, कार्तिकी पौर्णिमेला संपवली.

कार्तिक हा पंचगंगेचा महिना. कोजागरीला कार्तिकस्नान सुरू होते आणि महिनाभर या घाटावर पहाटेची गर्दी असते. संध्याकाळी उंच बांबूंच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदिवे चढतात, आणि कार्तिकी पौर्णिमेला हजाऱ्याच्या खोबण्यांत दिवे लागतात. ज्या रात्री काशीत हे स्नानपर्व सुरू होते, त्याच रात्री महाराष्ट्रात गच्चीवर मसाला दूध आटत असते. बदाम, पिस्ते, चारोळी, वेलदोडा, जायफळ आणि केशर घातलेले हे कोजागरीचे दूध म्हणजे ठंडाईची सख्खी बहीण. एक गरम, दुसरी गार. एक आटवून दाट केलेली, दुसरी वाटणाने दाट झालेली. ज्या घरात कोजागरीचे दूध नीट जमते, त्या घरात ठंडाई जमायला अडचण नाही. मराठी वाचकाने हे परप्रांतीय पेय समजून बिचकू नये, म्हणून हे नाते आधी सांगितले.

आता पेल्यात काय असते ते पाहू. चार-पाच पेल्यांना एक लिटर सायीचे दूध. त्यासाठी वीस-पंचवीस बदाम, दोन मोठे चमचे मगज, म्हणजे खरबुजाच्या सोललेल्या बिया, एक मोठा चमचा खसखस, तितकीच बडीशेप, दहा-बारा मिरे, चार-पाच वेलदोडे, मूठभर वाळलेल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या, चिमूटभर केशर आणि शंभर ग्रॅमच्या आसपास साखर. कोरडे जिन्नस सहा ते आठ तास भिजतात. बदामाची साले काढून सगळे पाट्यावर उतरते आणि गंधासारखे मऊ वाटले जाते. वाटण थोड्या पाण्यात कालवायचे, मलमलीच्या फडक्यातून पिळायचे, चोथा पुन्हा पाट्यावर घ्यायचा, पुन्हा पिळायचे. दुसऱ्या पिळणीला जे निघते तेच खरे दाट. शेवटी हे सत्त्व उकळून गार केलेल्या दुधात मिसळते.

या खटाटोपामागे कारण आहे. बदाम, मगज आणि खसखस यांत तेल भरपूर असते. भिजलेल्या बिया पाण्याबरोबर बारीक वाटल्या की ते तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपाने पाण्यात पसरते आणि बियांमधलीच प्रथिने त्या थेंबांना एकत्र येऊ देत नाहीत. त्यातून पांढरे, रेशमी दूध तयार होते आणि ते गाईम्हशीच्या दुधात बेमालूम मिसळते. बडीशेपेचा आणि वेलदोड्याचा सुवास स्निग्धात विरघळणारा असल्यामुळे तो या थेंबांत मुरतो. मिऱ्याचा तिखटपणा घशाला उशिरा लागतो, म्हणून थंडगार घोटानंतर एक हलकी ऊब मागे राहते. ठंडाईची ओळख त्या उबेत आहे. मिरे वगळणारे तिला बदामाचे सरबत करून टाकतात. मिक्सर वापरायला हरकत नाही, फक्त पाणी बर्फाचे घ्यावे आणि यंत्र थांबवत थांबवत फिरवावे. सलग फिरवले तर वाटण तापते, बियांचे तेल सुटते आणि पेल्यावर तवंग येतो.

बनारसमध्ये या पेयाचा मोसम महाशिवरात्रीला सुरू होतो. फाल्गुन शुद्ध एकादशीला, रंगभरी एकादशीच्या दिवशी, गौरीची पाठवणी साजरी होते, विश्वनाथाच्या अंगणात गुलाल उडतो आणि तिथून होळीपर्यंत गोदौलियाच्या दुकानांत ठंडाईला उसंत नसते. पुढे उन्हाळाभर ती चालते. जुन्या बनारसी माणसाच्या आयुष्यात तिची आणखी एक जागा होती. नाव करून गंगेच्या पलीकडच्या वाळूवर जायचे, गमछे-धोतरे साबण लावून धुवायची, पोहायचे, सिल-लोढ्यावर वाटण करायचे, ठंडाई छानायची, मग गावाकडे परतायचे. याला तिथे ‘बहरी अलंग’ म्हणतात. या सहलीत पेय तयार व्हायला लागणारा वेळ हाच आनंदाचा मोठा भाग असे. वाटणारा, गाळणारा, साखर चाखणारा, गप्पा मारणारा असे प्रत्येकाला काम होते. २०२४ मध्ये बनारसच्या ठंडाईला भौगोलिक मानांकन मिळाले.

ठंडाई दोन प्रकारची असते. सादी आणि बूटीची. बूटी म्हणजे भांग.

दुकानात सादी ठंडाई मोठ्या भांड्यात तयार असते; भांगेचा वाटलेला गोळा वेगळा असतो आणि मागणाऱ्याच्या पेल्यातच तो कालवला जातो. या एका रीतीत बनारसचे सगळे शहाणपण आहे. शंभर माणसांच्या भांड्यात नशा मिसळली तर ती मुलांपर्यंत, म्हाताऱ्यांपर्यंत, औषधे घेणाऱ्यांपर्यंत जाते. पेल्यात मिसळली तर ती ज्याने मागितली त्याच्यापुरती राहते. घरी रमचा किंवा फेणीचा मिल्कशेक करणाऱ्यांनी काशीकडून पहिली गोष्ट शिकावी ती ही.

भांग या देशात नवी नाही. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात तिच्यावर स्वतंत्र संवाद लिहिला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने मार्तिम अफोंसो द सौझाला जे सांगितले, ते त्यात नोंदले आहे: रात्री पोर्तुगाल, ब्राझील किंवा तुर्कस्तान फिरून यावेसे वाटले की आपण थोडी भांग घेतो. इंग्रज सरकारने १८९३ मध्ये खास आयोग नेमून भांग, गांजा आणि चरसाची चौकशी केली. या आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे ऐकले आणि पुढच्या वर्षी सात खंडांचा अहवाल दिला. बेताचे सेवन करणाऱ्यांत फारसा अपाय दिसत नाही, अतिरेक मात्र घातक आहे, आणि सरसकट बंदीची गरज नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. सव्वाशे वर्षांनंतरही हा अहवाल या विषयावरचा मोठा आधार मानला जातो, आणि त्यातला ‘बेताचे’ हा शब्द वाचताना लोक घाईने पुढे जातात.

बेत सांभाळणे कठीण का जाते, हे दुधात दडलेले आहे. भांगेतले मुख्य नशीले द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. म्हणून साय, बदाम आणि खसखस यांनी भरलेली ठंडाई तिला उत्तम वाहन ठरते. ताज्या हिरव्या पानात हे द्रव्य बहुतांशी निष्क्रिय रूपात असते. वाळवताना आणि उष्णता देताना ते सक्रिय होते. त्यामुळे वाळवण, उकळणे, परतणे यांतल्या फरकाने दोन गोळ्यांची ताकद वेगळी होते, आणि ती डोळ्याला किंवा जिभेला कळत नाही. पोटातून गेलेले द्रव्य यकृतात बदलून अधिक प्रभावी रूप घेते. याला वेळ लागतो. पहिली चाहूल अर्ध्या तासाने लागेल किंवा दोन तासांनी. जोर दोन ते चार तासांनी येतो आणि अंमल सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतो. होळीच्या दिवशी घडणारे बहुतेक प्रसंग याच हिशेबातले असतात: अर्धा तास झाला, काही चढले नाही, म्हणून दुसरा पेला; तासाभराने दोन्ही पेले एकदम येतात. छाती धडधडते, भीती दाटते, वेळेचे भान जाते. हृदयविकार असलेल्यांना, मानसिक आजाराचा इतिहास असलेल्यांना, गरोदर स्त्रियांना आणि मुलांना भांग वर्ज्यच आहे.

कायद्याचेही बघावे लागते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाची व्याख्या झाडाच्या फुला-फळांच्या शेंड्यांपुरती आहे. शेंड्यांशिवायची पाने तिच्यातून बाहेर राहतात, म्हणून भांगेचा निर्णय राज्यांकडे जातो. उत्तर प्रदेशात तिची परवानाधारक सरकारी दुकाने आहेत आणि काशीच्या गल्लीत तशी पाटी सहज दिसते. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय भांग बाळगणे गुन्हा आहे. या पुस्तिकेत भांगेची एकही कृती नाही ती या कारणाने, आणि घरी तिचे प्रमाण नेमके ठरवता येत नाही या दुसऱ्या कारणानेही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे मानावे.

फळांकडे वळले की काशीचा विषय लंगड्या आंब्यावर येतोच. बनारसी लंगडा पिकला तरी सालीने हिरवा राहतो, जून-जुलैत येतो आणि त्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ठंडाईच्या दुधात त्याचा गर उतरवला तर बडीशेप आणि आंबा यांची जी गट्टी जमते, ती मस्तानी पिणाऱ्या पुणेकरालाही नवी वाटेल. हापूसही चालतो, त्याच्या गोडीपुढे साखर निम्मी करावी. मिरे मात्र कमी करू नयेत.

दूध आणि फळ एकत्र करण्याला आयुर्वेदाचा आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिक ठरणार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सव्विसाव्या अध्यायात, दुधाबरोबर आंबट फळे विरुद्ध मानली आहेत. स्वयंपाकघराचा अनुभव या सावधगिरीच्या बाजूने आहे. ताज्या दुधाचा सामू ६.७ च्या आसपास असतो, तो ४.६ पर्यंत उतरला की केसीन हे प्रथिन गोळा होऊन दूध फाटते. संत्रे, अननस, मोसंबी, कोकम यांचा रस दुधाला त्या दिशेने ढकलतो. अननस, कच्ची पपई आणि किवी यांच्यात एक वेगळा दोषही आहे. त्यांतली पाचके प्रथिने तोडतात आणि दहा-पंधरा मिनिटांत दूध कडवट होते. अननस हवाच असेल तर साखरेबरोबर उकळून, पूर्ण गार करून घालावा. उष्णतेने पाचके निकामी होतात. स्ट्रॉबेरी या दोन टोकांच्या मध्ये आहे: दूध बर्फासारखे थंड असेल आणि गर शेवटी घातला तर ती निभते, ठेवून दिली तर फुटते.

निर्धोक फळे आपल्याकडे पुष्कळ आहेत. होळीच्या सुमारास डहाणू-घोलवडचा चिकू ऐन बहरात असतो. त्याची खरपूस, गुळासारखी चव वेलदोड्याबरोबर खुलते आणि त्यात साखर जवळजवळ लागतच नाही. जळगावचे केळे बारमाही आहे, पण ते ठंडाईला जड करते; एका लिटरला एकच घ्यावे. कार्तिकात, म्हणजे पंचगंगेवर आकाशदिवे चढतात त्याच दिवसांत, बीड आणि बालाघाटच्या रांगांतले सीताफळ येते. सीताफळाचा गर मिक्सरमध्ये कधीही घालू नये. बी चिरडली तर ती विषारी असते आणि कडूही. चाळणीवर हाताने गर काढावा, तो दुधात नुसता ढवळावा, गाठी राहू द्याव्यात. सगळ्या फळांत ठंडाईला सर्वांत शोभणारे फळ हेच, असे ठाम मत इथे नोंदवून ठेवतो.

राहिला मद्याचा भाग. दुधात दारू घातली की दूध फाटते असा समज आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. दूध संकलन केंद्रावर एक जुनी चाचणी करतात: दूध आणि सुमारे ६८ टक्के अल्कोहोल सारख्या प्रमाणात मिसळायचे. दूध ताजे असेल तर मिश्रण गुळगुळीत राहते, आंबायला लागले असेल तर कण दिसतात. ताजे दूध इतके सोसते, तर पाऊण पेला दुधात घातलेली ३० मिलिलिटर रम त्याला काही करत नाही. शेक फाटतो तो बहुधा आंबट फळामुळे किंवा शिळ्या दुधामुळे, आणि दोष दारूला दिला जातो. उसाच्या मळीची काळी रम चिकू आणि केळ्याशी जुळते. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली गोव्याची काजूफेणी आंब्याबरोबर जमते, पण तिचा वास उग्र असल्याने बडीशेप कमी करून गुलाब वाढवावा लागतो. वाईन दुधात घालू नये. तिचा आंबटपणा दूध नासवतो. बिअरचीही तीच गत.

३० मिलिलिटर, ४२.८ टक्क्यांची रम म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण गोड, थंड आणि दाट दुधात तो जिभेला जाणवत नाही. स्निग्ध पदार्थांमुळे पोट उशिरा रिकामे होते आणि अंमलही उशिरा चढतो. ओठांना लागणारी गोडी दुसरा पेला मागते आणि पहिल्याचा हिशेब अजून व्हायचा असतो. तेव्हा या पुस्तिकेतल्या प्रत्येक कृतीत एका पेल्याला ३० मिलिलिटर हीच मर्यादा धरली आहे, आणि मद्य मापून पेल्यात घालायचे आहे, भांड्यात नाही. महाराष्ट्रात रम-फेणीसारख्या कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि पिण्याचा परवानाही लागतो. भांग आणि मद्य एकत्र कधीही घेऊ नये. अल्कोहोलमुळे भांगेतले द्रव्य रक्तात अधिक चढते आणि दोन्हींचा अंमल एकमेकाला वाढवतो.

यजमानाने आणखी थोडे करावे. सादी ठंडाई निम्म्याहून जास्त ठेवावी, म्हणजे न पिणाऱ्याला पेला हातात घेऊन गप्पांत बसता येते. दोन प्रकारचे पेले वेगळ्या रंगांचे असावेत आणि नशेचे पेले मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे वर ठेवावेत. दुधाचा पेला मूल न विचारता उचलते. गाडी चालवणाऱ्याला आग्रह करू नये. सुक्या मेव्याची अॅलर्जी असणाऱ्यांना वाटणात काय काय आहे हे आधी सांगावे, कारण गाळलेल्या ठंडाईत बदाम दिसत नाही.

पुढच्या पानांवर कृतींचा क्रम जाणूनबुजून लावला आहे. आधी सादी ठंडाई, मग फळांची, सगळ्यांत शेवटी मद्याची. पाने उलटून थेट शेवटच्या भागाकडे जाण्याचा मोह होईल. तसे केले तर हाती येईल तो रमचा गोड शेक. तो कुठल्याही हॉटेलात मिळतो आणि त्यासाठी पुस्तक लागत नाही. दोनदा-तीनदा सादी ठंडाई करून पाहावी. वाटणाचा मऊपणा बोटांना कळू लागला, मिऱ्याचे प्रमाण आपल्या घराच्या जिभेला बसले, की फळ कुठे घालायचे आणि मद्य घालायचे की नाही, हे वाचकाला स्वतःच ठरवता येईल.

बदाम, मगज आणि खसखस आज रात्री भिजत घाला. उन्हाळ्याचे दिवस असतील तर भांडे फ्रिजमध्येच ठेवा, बाहेर राहिले तर सकाळपर्यंत भिजवण आंबते.